पेट्रोलचा वास होता, ठिणगी नव्हती

शोभा,

त्या सकाळी गाडी का चालू झाली नाही, ते सापडलं. ही बातमी ऐकून मनापासून खूश झालं असतं असं एकच माणूस या घरात होतं, आणि तेच नाही. म्हणून तुलाच सांगते. उत्तर आधी सांगितलेलं तुला कधी चालायचं नाही. आधी काय पाहिलं, मग काय पाहिलं, असं क्रमानं हवं असायचं. तर क्रमानंच सांगते. एरवी दुसऱ्या वाक्यालाच तू माझ्या हातातला पाना ओढून घेतला असतास. आता निदान पूर्ण ऐकून तरी घेशील.

सुरुवात त्या सकाळपासूनच करावी लागेल. तू ऑफिसला निघालेली, आणि गेटपर्यंत जाण्याआधीच पायरीवर बसलीस. "वहिनी, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटून राहिलं," म्हणालीस, आणि पर्समधून किल्ली काढून तुझ्या दादांच्या हातात दिलीस. गाडीची किल्ली तू कोणाला देत नव्हतीस, त्यामुळे मी त्या किल्लीलाच जास्त घाबरले. दादांनी किल्ली फिरवली. इंजिन फिरत होतं, चांगलं जोरात फिरत होतं, पण पकडत नव्हतं. ते फिरवतच राहिले. आणि तू घामानं भिजलेली, माझ्या खांद्यावर डोकं टाकलेली, तिथूनच सूचना देत होतीस. "दादा, चोक आत ढकल." मग, "पेडलवरून पाय उचल." आणि मग ते शेवटचं, "बस, आता नोको फिरवू. पेट्रोलचा वास येऊन राहिला."

शेजारच्या साहू भाभींची व्हॅन त्यांच्या दुकानावर होती. ती येईपर्यंत वेळ गेला. दुपारी तू गेलीस.

लोक शेवटी देवाचं नाव घेतात म्हणे. तू पेट्रोलचं घेतलंस. त्या दिवशी मला याचं फार वाईट वाटलं होतं. जाताना आमच्यासाठी एखादा शब्द ठेवला असतास तर काय बिघडलं असतं, असं मी रडत रडत साहू भाभींना सांगितलं होतं. आता तसं वाटत नाही, ते पुढे येईलच.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की झटका मोठा होता, लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता. तुझ्या दादांनी ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर म्हणाले, "डॉक्टर सगळ्याइलेच तसं सांगते." बस. त्यानंतर त्यांच्या तोंडी एकच वाक्य. गाडी चालू झाली असती तर. जेवायला बसले तरी तेच, अस्थी आणायला गेले तरी तेच. मीच जास्त पेट्रोल सोडलं, मीच पेडल दाबलं, माझ्याच हातानं बंद पडली. तेरवीला गोंदियाहून सगळे आले, सगळ्यांनी समजावलं. ते मान हलवायचे आणि गेटकडे पाठ करून बसायचे, कारण गेटाशी गाडी उभी होती. रडले मात्र नाहीत. एकदाही नाही. मला त्याचीच भीती वाटत होती.

तेरवी झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की अभनपूरचा एक ओळखीचा माणूस रविवारी येऊन गाडी ओढून नेईल. "जशी आहे तशी नेतो म्हणाला. मले ती डोळ्यासमोर नोको."

मी हो म्हटलं. पण मनात आलं, गाडी गेली की उत्तरही तिच्याबरोबर अभनपूरला जाईल. आणि हा माणूस आयुष्यभर आपल्या हातांकडे पाहत बसेल. त्यांचा हात दोषी होता की नव्हता, हे सांगू शकेल असा जगात एकच साक्षीदार उरला होता, आणि तो गेटाशी धूळ खात होता.

मला गाडीतलं काय कळतं, हा प्रश्न दादांनी विचारला नाही, साहू भाभींनी विचारला. खरं तर मी प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई, गाडी शिकले तीही तुझ्या हट्टापायी. नवं राज्य झालं, भोपाळहून फायली ट्रकनं रायपूरला आल्या आणि फायलींच्या मागे तू. आधी दवाखाना असलेल्या इमारतीत मंत्रालय भरलं होतं. "पेशंट गेले, फायली आल्या, खोकला तोच," असं तू संध्याकाळी घरी आल्यावर सांगायचीस. गावात लाल दिव्यांच्या सरकारी गाड्या धावायला लागल्या, आणि ज्यांना त्या मिळाल्या त्यांच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या. त्यातलीच एक पांढरी, छोटी, खोकणारी गाडी तू घेऊन आलीस. प्लेटवरचं एम.पी. जाऊन सी.जी. झालं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटलेस. तुझे दादा तेव्हाही म्हणाले होते, "पोट्टीची जात, गाडी घेऊन करशील काय?" तू म्हणालीस, "उघडून पाहीन."

आणि खरंच उघडून पाहायचीस. तुमचे बाबा रेल्वेच्या लोको शेडमध्ये, त्यामुळे इंजिन तुझ्या रक्तात असेल. मला मात्र तू ते शिकवून रक्तात घातलंस. रविवारी दुपारी चौबे कॉलोनीत नणंद-भावजय बॉनेटमध्ये डोकं घालून भांडतायत, हे दृश्य आपल्या गल्लीनं किती फुकट पाहिलं! "वहिनी, इंजिनाले तीनच गोष्टी लागते," तू सांगायचीस. "हवा, पेट्रोल आणि ठिणगी. फिरून राहिलं पण चालू होत नसेल तर तिघांपैकी कोणीतरी ड्युटीवर आलं नाही. हजेरी घे." माझ्यासारख्या मास्तरणीला याहून सोपं काय हवं.

आपलं भांडण पद्धतीवरून होतं. तू म्हणायचीस, माणसाला विचारू नये, यंत्राला विचारावं; माणूस विसरतो, लपवतो, यंत्र लपवत नाही. मी म्हणायचे, आधी विचारा की गाडीला शेवटचा हात कोणाचा लागला. तो सायलेन्सरचा रविवार आठवतो? तू सकाळपासून कार्बोरेटर खोलून बसलीस, हाताला काळं, पदराला काळं, आणि संध्याकाळी मी चहा देताना दादांना सहज विचारलं की तुम्ही गाडीला काही केलं का. तर म्हणे, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला होता! मी तासभर हसत होते. तू म्हणालीस, "मी सायलेन्सरपर्यंत पोचलीच असती." मी म्हटलं, "हो, दिवाळीपर्यंत." ते भांडण अजून मिटलेलं नाही, शोभा. आणि आता ते मिटवायला मी एकटीच उरले.

असो. हजेरी घ्यायला लागले.

दादा सकाळी फिरायला जायचे, तेवढाच वेळ मिळायचा. पहिल्या दिवशी बॅटरी. त्या सकाळी किल्ली फिरवून फिरवून ती दमली होती, ती साहू भाभींच्या मुलाकडून चार्ज करून आणली. किल्ली फिरवली. इंजिन तितकंच जोरात फिरलं. म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर यांची हजेरी लागली. हवेची नळी काढून फुंकून पाहिली, जाळी स्वच्छ होती. सायलेन्सरच्या तोंडातही बोट घालून आले, अनुभवाची गोष्ट आहे. हवा हजर.

मग मी पायरीवर बसले आणि तुझं शेवटचं वाक्य स्वतःशी म्हणून पाहिलं. पेट्रोलचा वास येऊन राहिला. आणि शोभा, मला तेव्हा कळलं की तू जाताना आमच्यासाठी काही ठेवलं नाहीस असं नाही. तू तपासच करत होतीस. वास येतोय म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतंय. पेट्रोल हजर, असं तू सांगून गेली होतीस. छातीवर कोणी बसलेलं असताना तुला कुतूहल वाटत होतं! मला इतका अभिमान वाटला आणि इतकं रडू आलं की तो दिवस तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी ठिणगी. तुझा नियम पाळला, बॉनेट उघडून वास पूर्ण जाऊ दिला. एक प्लग काढला. ओला होता, नाकाशी धरला तर पेट्रोल. बरोबर बोलली होतीस. तो पुसून, वाळवून, त्याच्या जाड तारेला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. उजेडात ठिणगी दिसत नाही म्हणून डोक्यावरून जुनी चादर ओढून घेतली. किल्लीशी साहू भाभींना बसवलं.

"घुमाऊँ, दीदी?"

"हाँ, घुमाओ. बस थोड़ा सा."

"हव," म्हणाल्या आणि हॉर्न वाजवला. माझं डोकं बॉनेटवर आपटलं. चादरीतून बाहेर आले तर समोरच्या गॅलरीत तीन बाया उभ्या. तू असतीस तर त्यांनाही खाली बोलावून शिकवलं असतंस. दुसऱ्यांदा भाभींनी किल्लीच फिरवली. मी चादरीच्या अंधारात प्लगच्या टोकाकडे पाहत होते. काही नाही. निळं नाही, पिवळं नाही, काहीच नाही.

ठिणगी गैरहजर.

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा आनंद झाला, आणि लगेच त्याची लाजही वाटली. मग वाटलं, लाज कसली, ही तुझीच सवय. कारण यात एक गोष्ट पक्की झाली होती. ठिणगीच नसेल तर पेडल दाबलं काय आणि सोडलं काय. तुझ्या दादांच्या हाताचा, पायाचा काही दोष नव्हता. मी त्यांना तेवढंच सांगून थांबू शकले असते. पण तू "इथपर्यंत" म्हणून कधी थांबलीस का?

बॅटरीच्या लहान करंटचा मोठा करंट करून प्लगला देणारा तो काळा डबा, कॉइल, बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यात आहे. तू इंडिकेटरच्या जुन्या बल्बला दोन तारा लावून केलेला टेस्ट लॅम्प घेतला. कॉइलकडे येणाऱ्या तारेला टाचणी खुपसली, तिथे बल्ब लागला. त्याच तारेचं टोक कॉइलच्या बोल्टला जिथे बसवलंय, तिथे लावला, बल्ब मेला. मधे बोटभर अंतर. त्या बोटभर अंतरात करंट हरवत होता. मी धूळ पुसली. बोल्टवर हिरवा, खरखरीत थर जमला होता, तांब्याचं भांडं चिंच लावून तसंच ठेवून दिल्यावर येतो ना, तसा.

हे आंबट कुठून आलं, म्हणून मी वर पाहिलं.

वर, अगदी बोल्टच्या डोक्यावर, लिंबू-मिरची लटकत होती. लिंबू वाळून काळं पडलेलं, मिरच्यांचे देठ उरलेले.

तुझ्या गाडीत लिंबू-मिरची! चौकात शनिवारी विकणाऱ्याला "भैया, ये इंजन में डलेगा कि टंकी में?" असं विचारणाऱ्या बाईच्या गाडीत! कोणाचं काम ते विचारायची गरज नव्हती. दर शनिवारी गाडी कोण धुतं? तू आडवी येऊ नयेस म्हणून त्यांनी ती पुढे न बांधता आत, अंधारात बांधली होती. दर शनिवारी ताजं लिंबू, दोऱ्यानं टोचलेलं, त्याचा रस थेंबथेंब त्या बोल्टवर. कितीतरी शनिवार. शेवटच्या आठवड्यात तू दोनदा म्हणाली होतीस, "सकाळी जरा उशिरा पकडून राहिली, रविवारी पाहते." विधानसभेचं सत्र चालू होतं, तुला बॉनेट उघडायला फुरसत नव्हती. रविवार आलाच नाही.

मी तिथेच मडगार्डला टेकून उभी राहिले. हे काय शोधून काढलं मी? ज्या माणसाला सोडवायला निघाले, त्याच्याविरुद्धचाच पुरावा हातात आला होता. बहिणीला काही होऊ नये म्हणून त्यानं बांधलेल्या लिंबानंच. पुढचं वाक्य मला मनातही पूर्ण करवेना. लिंबू तोडून पदरात बांधलं. ठरवलं की सांगायचं नाही. कॉइल जुनी झाली होती म्हणायचं.

शनिवारी तात्यापाऱ्यातल्या तुझ्या नेहमीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, तारेच्या टोकाला लावायची नवी पितळी टिकली आणि पॉलिशपेपर घ्यायला. दुकानदारानं पुडी बांधता बांधता विचारलं, "आज मैडम नहीं आईं?" मी म्हटलं, "मैडम काम में हैं." हे उत्तर माझ्या तोंडून कसं आलं ते मला अजून समजलेलं नाही.

रविवारी सकाळी, अभनपूरचा माणूस यायच्या आत, बोल्ट घासून चकचकीत केला, नवी टिकली बसवली, प्लग वाळवून लावले. किल्ली फिरवली. एकदा फिरली, दुसऱ्यांदा पकडली. तोच खोकला, तोच आवाज. घरातून तुझे दादा धावत बाहेर आले, अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण. पायरीवर थबकले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तुला सांगत नाही. त्यांना काय वाटलं असेल ते तुला कळेल. मग त्यांनी मला पाहिलं.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

तयार केलेलं उत्तर जिभेवर होतं. पण उघड्या बॉनेटखाली नजर गेली आणि एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. लिंबू ज्या कडीला लटकत होतं, ती कडी. तांब्याच्या तारेची, पीळ दिलेली. गाडीला अशी कडी कशासाठी असेल? मी भांडणातली माझी बाजू घेतली, शोभा. माणसाला विचारलं.

"ही कडी तुम्ही लावली?"

ते गडबडले. कडीवरचं लिंबू गेलेलं त्यांना दिसलं असावं. "नाही. ती गाडीचीच आहे," ते हळू म्हणाले. "मी आधी पंख्याजवळच्या पट्टीले बांधत होतो. मंग एक शनिवारी पाहिलं तर ही कडी होती. म्हटलं, बरी जागा आहे."

मी वाकून कडीच्या टोकाला हात लावला. काळी टेप, आणि टेपचं शेवटचं टोक स्वतःवर दुमडलेलं, पुढच्या वेळी नखानं सहज निघावं म्हणून. आपल्या घरातल्या इस्त्रीच्या वायरला तशी टेप आहे, कूलरला आहे, रेडिओला आहे. तशी टेप रायपुरात एकच बाई लावायची.

तुला माहीत होतं. पहिल्याच रविवारी तू पाहिलं असशील. लिंबू पंख्यात अडकेल म्हणून, काढून फेकण्याऐवजी, तू त्याच्यासाठी जागा करून दिलीस. एक शब्द बोलली नाहीस. आणि ती जागा नेमकी कॉइलच्या बोल्टवर आली. पट्टीलाच राहिलं असतं तर रस जमिनीवर पडला असता.

आता खोटं बोलण्यात काही अर्थ उरला नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं, क्रमानं, तुला सांगितलं तसंच. हिरवा थर, लिंबू, रस. त्यांचा चेहरा पडत गेला. मी थांबले नाही. कडीवर त्यांचं बोट नेऊन ठेवलं, दुमडलेली टेप दाखवली.

बराच वेळ ते त्या टेपवरून बोट फिरवत होते.

"म्हणजे तिले माहीत होतं."

"हो."

"मंग मले शिव्या काहून नाही देल्ल्या तिनं? सगळ्या जगाले देत होती."

हे यंत्रालाही विचारता येत नाही आणि माणूसही उरलेलं नाही.

"लिंबू माह्यं," ते म्हणाले, "कडी तिची." मग माझ्याकडे पाहिलं, एखादं पोर मारातून सुटतं का ते पाहतं तसं. "मी एकट्यानं नाही बंद पाडली मंग."

"नाही," मी म्हटलं. "दोघांनी मिळून."

ते पायरीवर बसले, तू बसली होतीस तिथेच, आणि साबणाचं तोंड गुडघ्यात घालून मोठ्यानं रडायला लागले. इतके दिवस ते स्वतःवर चिडून होते. तुझ्यासाठी आज रडले. समोरच्या गॅलरीत बाया येऊन उभ्या राहत होत्या, म्हणून मी गाडीत बसले आणि त्यांचा आवाज गल्लीत जाऊ नये इतपत ॲक्सिलरेटर दाबून ठेवला.